रेड हेड जिओफॅगस अंडी घालतात पण तिसऱ्या दिवशी दगड रिकामा, काय चुकतंय?

वडगाव_माग:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहूलालोय कारण आता डोकंच चालेना. माझ्याकडे ४ बाय २ बाय २ चा टँक आहे, काठोकाठ भरला तर ४५० लिटरच्या आसपास, त्यात ६ रेड हेड तापाजोस, म्हणजे वर लिहिलेले जिओफॅगस मासे, आहेत. कोल्हापूरहून दोन इंची पिल्लं आणलेली, सव्वा वर्ष झालं, मोठे आता ५-६ इंचाचे झालेत. त्यातल्या दोघांची जोडी जमली, कोपऱ्यातला एक चपटा दगड धरून बसतात, बाकीच्या चौघांना तिकडं फिरकू देत नाहीत. आत्तापर्यंत चार वेळा अंडी घातली. पहिल्या दिवशी मस्त, दोघं आलटून पालटून पंखानं वारा घालतात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पण असतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर दगड असा स्वच्छ की कुणी घासून ठेवलाय. आईबापच खाऊलालेत काय? बायको म्हणते खाली आपले दोन माग चालतात त्याची खटखट ऐकून घाबरून खात असतील. मला पटत नाही कारण एवढ्या खटखटीत जेवण अगदी व्यवस्थित चालू असतं त्यांचं.

अजून एक, त्यातल्या एका लहान माशाच्या डोक्यावर दोन बारीक खड्डे पडल्यासारखे दिसतात, टाचणीनं टोचल्यासारखे. त्याचं काय करू? पाणी नळाचं, १५ दिवसांनी पाव भाग बदलतो. खाली बारीक खडी आहे, रंगीत नाही, साधी. सोबत एक सकर (काचेला चिकटणारा मांजरमासा) आहे आणि चार सिल्व्हर डॉलर मासे.

निपाणीकर_२१:
भावा टेन्शन घेऊ नको, पहिली चार-पाच वेळची अंडी जातातच, नवीन जोडी असली की अशीच. माझ्याकडे रेड हंप आहेत, जिओफॅगसचीच दुसरी जात, स्टाइनडाख्नेरी, कोलंबियाकडचा मासा, त्यांचं काम लई सोपं. मादी अंडं घालते आणि लगेच तोंडात घेते, दगडावर काय राहतच नाही, आणि नराच्या जबड्याच्या कोपऱ्यावर पिवळा-नारिंगी ठिपका असतो त्याला ती तोंड लावते, तिथंच अंडी फळतात. मग तीन आठवडे मादी तोंड मिटून एका कोपऱ्यात. मी पहिल्यांदा मादी आजारी पडली म्हणून औषध घालायला निघालो होतो, मीठ पण घातलं बादलीत काढून, आणि पाच मिनिटात बादलीत सगळी पिल्लं थुंकली. आमच्या आईनं अजून ते सोडलेलं नाही, पाहुण्यारावळ्यांसमोर सांगते.

तू एक कर, जोडी उचल आणि वेगळ्या मोकळ्या टँकात टाक, खाली काही नको, नुसती काच आणि दगड. साफ करायला पण बरं.

कौलारू_खानापूर:
निपाणीकरांनी सांगितलेलं रेड हंपला चालेल, रेड हेडला नको. आणि मोकळी काच तर नकोच नको. उकिरडा नसलेल्या अंगणात कोंबडी सोडल्यासारखं आहे ते, जगेल पण तिला दिवसभर करायला काय आहे? या माशाचं नावच मुळी माती खाणारा, जिओ म्हणजे माती आणि फॅगस म्हणजे खाणारा, हेकेल नावाच्या माणसानं १८४० मध्ये ठेवलेलं. माती गिळत नाही तो खरं तर. तोंड भरून वाळू घेतो, आत चाळतो, किडा-दाणा राहिला की गिळतो आणि वाळू कल्ल्यातून खाली सोडतो. कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर एक लोंबणारा मांसल भाग असतो, त्याचा या चाळण्यात हात आहे असं मानतात. आता तुझी खडी कल्ल्यातून जाणार आहे का? तो फक्त उचलतो आणि थुंकतो, अर्धं खाणं खडीत रुततं, तिथं सडतं, आणि तू १५ दिवसांनी पाव पाणी बदलतोस. डोक्यावरचे खड्डे तिथूनच आलेत असं माझं म्हणणं.

त्या खड्ड्यांच्या रोगाला होल इन द हेड म्हणतात. स्पायरोन्यूक्लिअस नावाचा जंतू सापडतो त्यात, पण नुसत्या जंतूनं होत नाही, पाण्यात नायट्रेट (घाण सडून साठणारा क्षार) चढलेलं, खाण्यात तोच तो पदार्थ, मासा दबलेला, असं सगळं जमून येतं तेव्हा होतं. जिओफॅगसला नायट्रेट अजिबात सोसत नाही, २० पीपीएमच्या खाली ठेवायचं. आधी आठवड्याला ४०-५० टक्के पाणी बदलायला लाग, महिनाभर सलग. खड्डे वाढत गेले तर मग मेट्रोनिडाझोल नावाचं औषध खाण्यातून देतात, पण आधी गोळी आणि मग पाणी असं करू नको, लोक नेमकं तेच करतात आणि मग औषधाला नावं ठेवतात.

वाळू कुठली घ्यायची तर बांधकामावरची उचलू नको, आता सगळीकडं एम-सँड आहे, ती दगड फोडून केलेली, कडा धारदार असतात, कल्ले सोलून निघतील. फिल्टरसाठी मिळते ती सिलिका वाळू घे, नाहीतर नदीची जुनी वाळू कुणाकडं पडून असेल तर रव्याच्या चाळणीनं चाळून घे, खाली जाईल ती ठेव, वर राहील ती कुंडीत टाक. पाणी निवळ येईपर्यंत धू, हात मोडून येतात, पोरांना बसव. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाकून बघ, फेस आला तर चुना आहे, ती नको. थर दीड-दोन इंच पुरे. आणि दगड आधी तळाच्या काचेवर ठेव, मग वाळू घाल. वाळूवर दगड ठेवलास तर हे खालून उकरतात आणि दगड एक दिवस कलंडून बाजूच्या काचेवर येतो, माझा आला होता.

अंड्यांबद्दल आता. रेड हेड हा उशिरा तोंडात घेणारा. दगडावर घालतात, दोघं राखतात, २८ डिग्रीला साधारण तिसऱ्या दिवशी अंडी फुटायला येतात आणि त्याच वेळी आईबाप ते बारके जीव तोंडात उचलतात. दोघंही. म्हणजे दगड रिकामा दिसणं हा यशाचा पण दिवस असू शकतो! तू नीट बघितलास का, हनुवटीखालचा भाग फुगलाय का, तोंड सारखं काहीतरी चघळल्यासारखं हलतंय का? एकमेकाच्या तोंडात देतात पण, समोरासमोर येऊन, बघण्यासारखं असतं. चारही वेळा रिकामा दगड बघून तू काय केलंस ते सांग.

वडगाव_माग:
काका खरं सांगू का, चारही वेळा रागानं पाणी बदललं आणि दगड घासून परत ठेवला 🙈

पण तोंडात असती तर खाल्लं नसतं ना? हे दोघं त्याच सकाळी पेलेटवर तुटून पडले होते. आणि हनुवटी काही फुगलेली नव्हती, मी मोबाईलवर फोटो काढलेले आहेत, परत बघितले, एकदम सपाट. रात्री ११ ला लाईट बंद करतो तेव्हा अंडी होती, सकाळी ६ ला नव्हती.

कौलारू_खानापूर:
खाण्यावरून ठरत नाही. पिल्लं तोंडात असताना सुद्धा ही जात थोडंफार खाते, रेड हंपची मादी बसते तशी उपाशी बसत नाही. पण तुटून पडणं आणि सपाट हनुवटी म्हणजे तोंड रिकामं. मग कुणीतरी रात्रीच खाल्ली.

चिकोडीची_ताई:
सकर!!! सगळे वाळू नि पाण्यावर बोलताय, पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की सकर आहे. केवढा आहे तो? दुकानदार टँक साफ करणारा म्हणून गळ्यात मारतात, दीड इंचाचा असतो, आणि वर्षात फूटभराच्या वाटेला लागतो. दिवसा कोपऱ्यात मेल्यासारखा, आणि रात्री पूर्ण टँक त्याचा. जिओफॅगस, एंजल असले सिक्लिड गटातले मासे अंधारात नीट बघू शकत नाहीत, राखण दिवसाची, रात्री दगडावर नुसतं बसून असतात. तो येतो, अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, यांनी धडक दिली तरी त्याला काय होणार? निवांत जेवून जातो. माझी एंजलची अंडी सहा महिने अशीच जात होती आणि मी नवऱ्याला बोल लावत होते की तू रात्री लाईट लावतोस म्हणून 😄

खात्री करायची असेल तर टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळून रात्री दोनला बघा, गणपतीच्या डेकोरेशनचा राहिलेला असतोच घरात. लाल उजेडात मासे फारसे बिचकत नाहीत.

निपाणीकर_२१:
ताईंचं बरोबर आहे, माझ्या डोक्यात आलं नाही कारण माझ्याकडं सकर नाही. पण मोकळ्या टँकाचं मी अजून पण म्हणतो. वेगळा टँक केला असता तर सकर आलाच नसता की!

कौलारू_खानापूर:
ते खरं. पण रेड हेडची जोडी गटात जमते आणि गटात टिकते. दोघांनाच वेगळं काढलं की मारामारी करायला तिसरा राहत नाही, मग नर मादीच्या मागं लागतो. ६ आहेत ते बरोबर आहे, ८ असते तर अजून बरं. दोघांना हलवण्यापेक्षा एकट्या सकरला हलव. ताई, शाबास, मी वाळूच्या नादात वाचायचं विसरलो.

गोकाक_करदंट:
मला पण घ्यायचेत हे मासे म्हणून विचारतो, दुकानात सुरीनामेन्सिस म्हणून लेबल आहे, २५० ला एक, घेऊ का? आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, भांड्यावर पांढरं बसतं एवढं जड. आणि सकर काढायचा तर घटप्रभेत सोडून द्या की, पुण्य लागेल.

कौलारू_खानापूर:
पुण्य नाही लागणार, पाप लागेल. सकर दक्षिण अमेरिकेचा, आपल्या नदीत त्याला खाणारा कुणी नाही. तो काठात बिळं करतो, शेवाळ आणि माशांची अंडी दोन्ही खातो, कोळ्यांची जाळी फाडतो. बाहेरून आलेल्या तिलापियाचं काय झालं बघतोस ना, आता जाळं टाकलं की पहिला तोच. सिक्लिड म्हणशील तर आपल्या देशात मूळच्या तीनच जाती, एक कालुंदर, गोव्यात जो तळून खातात तो, दुसरा नारिंगी क्रोमाइड, आणि तिसरा कॅनरा पर्लस्पॉट, जो आपल्याच कर्नाटकात दक्षिण कॅनराच्या नद्यांत आहे आणि आधीच कमी. बाहेरचं काही नदीत, तळ्यात, विहिरीत टाकू नकोस बाबा. दुकानात परत दे, फुकट दे, पण दे.

सुरीनामेन्सिसचं लेबल म्हणशील तर ते जिऱ्याला बडीशेप म्हटल्यासारखं आहे. खरा सुरीनामेन्सिस सुरीनाम आणि फ्रेंच गयानातल्या नद्यांचा, धंद्यात फार क्वचित येतो, पण लाल-निळ्या रेघा असलेल्या कुठल्याही जिओफॅगसला वर्षानुवर्षं तेच नाव चिकटवतात. रेड हेडची पण तीच गत होती, तापाजोस नदीवरून सगळे नुसतं तापाजोस रेड हेड म्हणायचे, शास्त्रीय नाव २०२२ साली मिळालं, जिओफॅगस पायरोसेफॅलस. नावावर जाऊ नको, मोठा झाल्यावर केवढा होतो ते विचार आणि दुकानातले सगळे मासे नीट बघ, डोळे खोल गेलेले, पोट आत गेलेलं असं घेऊ नको. उकरणारा मासा भुकेला राहिला की आधी पोटावर दिसतं.

बोअरचं पाणी रेड हेडला सवयीनं चालतं, पिल्लांना हळूहळू सवय करून दे, बादलीत तासभर थेंब थेंब आपलं पाणी सोडून. फक्त सॅटॅनोपर्का डिमन सारख्या माशाच्या वाटेला जाऊ नकोस, त्याला अगदी मऊ आणि आंबट पाणी लागतं, तिथं आपली बोअर काय कामाची नाही. आमच्याकडं खानापूरला मी पावसाळ्यात कौलांवरचं पाणी धरतो, पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देतो, कौलावरची घाण वाहून जाते, मग पिंपं भरतो. पण नुसतं पावसाचं पाणी टाकू नये, त्यात क्षार नसतात, पीएच एका रात्रीत कोसळतो. बोअरमध्ये मिसळून. अंगणातल्या बदामाची वाळलेली पानं दोन-चार टाकली की पाणी चहासारखं होतं, मासे खूश, बायको नाखूश.

वडगाव_माग:
ताई, काका, रात्री दोनला उठलो. (अंडी आता नाहीत पण सकर काय करतो ते तरी बघू म्हटलं.) टॉर्चला लाल कागद लावला, आणि खरोखर तो नऊ इंची धोंडा त्याच चपट्या दगडावर पसरून बसलेला. रिकाम्या दगडावर! वास राहिला असेल. जोडी दुसऱ्या टोकाला. मी तिथंच उभा राहून शिव्या घातल्या तर आई उठली, चोर आला काय म्हणून.

सकर आज शहापूरच्या एका ओळखीच्याला दिला, त्याच्याकडं ६ फुटी टँक आहे. खडी काढली, दोन दिवस गेले त्यात, खालून काय घाण निघाली म्हणून सांगू, काळी, अंड्याच्या वासाची. सिलिका वाळू आणली ४० किलो, पोरगा आणि मी गच्चीवर धुवायला बसलो. वाळू टाकली आणि काका तुम्हाला सांगतो, पाच मिनिटं सगळे एका कोपऱ्यात दबून होते, मग एकानं तोंड खुपसलं आणि मग सगळेच, सहाच्या सहा, नुसती वाळू उडालीय कल्ल्यातून. सव्वा वर्ष मी यांना काय करायला लावलं होतं याचं वाईट वाटलं. माग बंद करून पोरासकट तासभर बघत बसलो.

हीटर कितीचा लावू तेवढं सांगा, आता २०० वॅटचा एकच आहे आणि थंडी जवळ आलीय.

निपाणीकर_२१:
अजून एक २०० चा घे, ३०० चा एक घेऊ नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री १४-१५ पर्यंत उतरतं, एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो आणि एक चालूच अडकला तरी एकटा २०० वाला एवढं पाणी उकळून मासे शिजवू शकत नाही. हे मला पैसे घालवून कळालंय.

चिकोडीची_ताई:
आणि लाईट जाते त्याची सोय ठेवा. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर, कॅनिस्टर (बाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) बंद पडला तरी हवा चालू राहायला पाहिजे. तासन् तास बंद राहिलेला कॅनिस्टर तसाच चालू करू नका, आतलं सडलेलं पाणी टँकात येतं, आधी उघडून धुवा, टँकाच्याच पाण्यात, नळाच्या नाही.

आता पिल्लं होणार हे गृहीत धरून आर्टेमियाचं (पिल्लांना खायला घालायचे खाऱ्या पाण्यातले बारके जीव, त्यांची सुकी अंडी मिळतात) सांगते, आधी दोनदा करून बघा म्हणजे ऐन वेळी गडबड होत नाही. पाण्याची एक लिटरची बाटली, त्यात ३० ग्रॅम खडे मीठ, आयोडिनवालं नको, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, खाली पोचणारी हवेची नळी, वर दिवा. २८ च्या आसपास २४ तासात नारिंगी पिल्लं फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं ठेवली की टरफलं वर, पिल्लं खाली. खालून नळीनं ओढून घ्यायची, कापडात गाळून गोड्या पाण्यात धुवायची. टरफलं जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. हे जमत नसेल तर पेलेट खलबत्त्यात पिठासारखी कुटून, पण आर्टेमियावर वाढलेलं पिल्लू वेगळंच दिसतं. आणि ट्युबिफेक्स आणू नका, गटारात वाढलेला किडा, लोक खुशाल मोठ्यांना पण घालतात.

गोकाक_करदंट:
मी वाचूनच दमलो. गप्पी बरे.

वडगाव_माग:
साडेपाच आठवड्यांनी लिहूलालोय. सॉरी, सीझन होता, माग रात्री पण चालू होते.

गेल्या सोमवारी परत अंडी घातली. या वेळी सकर नाही, बारका बल्ब रात्रभर ठेवला. बुधवारी रात्री अंडी होती. गुरुवारी सकाळी दगड रिकामा. झालं, म्हटलं माझ्या नशिबातच नाही, बायकोला म्हटलं तुझे मागच खाऊलालेत अंडी. पाणी बदलायला पाईप हातात घेतला आणि तेवढ्यात काकांचं आठवलं, हनुवटी बघ. बघितली तर मादीची हनुवटी अशी फुगलेली, पाव गिळताना अडकावा तशी, आणि तोंड गोल गोल चघळतंय. पाईप ठेवून दिला. तिच्या समोर नर आला, दोघांनी तोंडाला तोंड लावलं, आणि मग त्याची हनुवटी फुगली आणि ही गेली वाळूत खायला. मी घरात सगळ्यांना ओरडून बोलावलं, कुणाला काही समजलं नाही, पण सगळे बघत बसले.

त्या डोक्यावर खड्डे पडलेल्याचं सांगायचं राहिलं, आठवड्याला अर्धं पाणी बदलतोय, नळाचं पाणी एक दिवस ड्रममध्ये ठेवून, खड्डे वाढले नाहीत, एक जवळजवळ बुजलाय. गोळी आणून ठेवलीय, अजून फोडलेली नाही.

कौलारू_खानापूर:
वा! आता आठ-दहा दिवस हात घालू नको, जाळी तर दाखवूच नको. बाहेर सोडली की संध्याकाळी परत तोंडात घेतात, तेही बरेच दिवस चालतं. बाकी चौघांना दुसऱ्या टोकाला दगड-लाकडाचा आडोसा करून दे म्हणजे दिसणार नाहीत. खायला आधी मोठ्यांना पोटभर, मग पिल्लांना.

निपाणीकर_२१:
किती झाली रे पिल्लं?

वडगाव_माग:
काल पहिल्यांदा बाहेर सोडली, ढग असल्यासारखी दिसतात, वाळूच्याच रंगाची. तीन वेळा मोजायला बसलो. पन्नासपर्यंत पोचलो की एकतर माझी सावली पडते नाहीतर पोरगा काचेवर बोट लावतो, आणि दोघं येऊन सगळी उचलून टाकतात. आता परत पहिल्यापासून.